अमेरिकन यादवी युद्धातला वेढा: चर, करंडी आणि सुरुंग यांचं काम कसं चाले

मे १८६३ मध्ये उत्तरेच्या जनरल ग्रँटने मिसिसिपी नदीकाठच्या, दक्षिणेच्या ताब्यातल्या व्हिक्सबर्गवर दोनदा थेट हल्ला चढवला. १९ मेच्या हल्ल्यात त्याची नऊशेच्या वर माणसं कामी आली किंवा जखमी झाली. २२ मेला सगळ्या सेनाधिकाऱ्यांनी घड्याळं जुळवून सकाळी दहाला एकदम उठाव केला, तर आकडा बत्तीसशेच्या आसपास गेला. तट होता तिथेच राहिला. यानंतर उत्तरेच्या फौजेने कुदळी काढल्या, आणि ४ जुलैला शहर हाती आलं ते त्या कुदळींमुळे आणि आतल्या उपासमारीमुळे.

असा वेढा चालवायचा कसा, हे त्या काळच्या इंजिनिअर अधिकाऱ्याच्या जागी उभं राहून पुढे सांगितलं आहे. मुख्य नमुना व्हिक्सबर्गचा. जिथे काम फसलं ते समजून घ्यायला पीटर्सबर्ग (१८६४-६५) आणि चार्ल्सटनजवळची वॅगनर गढी.

आधी कोंडी

पहिली कुदळ मारण्याआधी स्वतःची रसद पक्की करायची. व्हिक्सबर्गला पोचल्याबरोबर ग्रँटने शहराच्या उत्तरेला याझू नदीवरचा हेन्स ब्लफ ताब्यात घेतला. तिथे आगबोटीने धान्य, दारूगोळा आणि ताज्या पलटणी उतरू लागल्या. नदीच्या बाजूने उत्तरेच्या आरमाराचा प्रमुख पोर्टर याच्या गनबोटी होत्याच.

दुसरं काम पाठ राखण्याचं. शत्रूची तटबंदी सात मैलांची होती, पण ती कोंडणाऱ्या ग्रँटची फळी हेन्स ब्लफपासून धरली तर पंधरा मैलांच्या वर जात होती. शिवाय पूर्वेला दक्षिणेचा जनरल जॉन्स्टन सुटकेसाठी फौज जमवत होता. त्यामुळे तोंड बाहेर केलेली दुसरी फळीही उभी करावी लागली. २२ जूनपासून ती ग्रँटच्या हाताखालच्या शेर्मनकडे होती. वेढा घालणाऱ्याला अर्धी फौज शहराकडे पाठ करून ठेवावी लागते, हा हिशेब सुरुवातीलाच केला नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं.

पीटर्सबर्गला तर पूर्ण कोंडी कधी झालीच नाही. काटेकोर बोलायचं तर त्याला वेढा म्हणणंही चूक आहे. तिथे शहरात येणारे रेल्वेमार्ग एकेक करून तोडायचे होते. वेल्डनचा मार्ग ऑगस्ट १८६४ मध्ये तुटला, शेवटचा साउथ साइडचा मार्ग २ एप्रिल १८६५ ला. मधल्या काळात दोन्हीकडचे चर लांबत गेले आणि दक्षिणेचा सेनापती ली याची माणसं विरळ होत गेली.

चराची आखणी

वेस्ट पॉइंटच्या अमेरिकन लष्करी शाळेत शिकवलेली पद्धत सतराव्या शतकातल्या फ्रेंच इंजिनिअर व्होबाँची. गढीपासून सुमारे ६०० यार्डांवर तटाला समांतर पहिला चर, मग मधे दुसरा, मग खंदकाच्या काठाशी तिसरा. हे तीन चर माणसं आणि तोफा ठेवायला. त्यांना जोडणारे चर नागमोडी.

नागमोड शोभेसाठी नसते. चराचा प्रत्येक तुकडा असा वळवायचा की त्याची सरळ रेषा पुढे वाढवली तर ती शत्रूच्या सगळ्यात टोकाच्या बुरुजाच्याही बाहेरून जावी. रेषा आत गेली की तिथल्या एका तोफेचा गोळा चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं झोपवत जातो. वळणावर नवा तुकडा जुन्याच्या थोडा मागून सुरू करायचा. तो उरलेला कोपरा अवजारं ठेवायला आणि समोरून येणाऱ्याला वाट द्यायला लागतो.

व्हिक्सबर्गच्या डोंगरसोंडा आणि घळींमध्ये ही पुस्तकी आखणी जशीच्या तशी बसणारी नव्हती. तिथे सोंडेच्या माथ्यावरून शहराकडे जाणारे रस्ते धरून चर पुढे नेले. ग्रँटच्या फौजेतल्या लोगनच्या डिव्हिजनसमोरचा चर जॅक्सन रोडलगत, शर्ली यांच्या घरापासून निघाला. समोर लुइझियानाच्या तिसऱ्या पलटणीची गढी, अंतर सुमारे ४०० यार्ड. काम कॅप्टन हिकनलूपरकडे. त्याने वाटेत सुमारे १३० यार्डांवर तोफांचा मोर्चा बांधला आणि २२ जूनच्या सुमारास चर गढीच्या पायथ्याला भिडवला.

अधिकाऱ्यांचा तुटवडा हे खरं दुखणं होतं. अख्ख्या फौजेत इंजिनिअर अधिकारी चार. मुख्य इंजिनिअर प्राइम आजारी पडल्यावर कॉमस्टॉक आला. शेवटी वेस्ट पॉइंटला शिकलेल्या प्रत्येकाने चराच्या कामाला लागावं असा हुकूम निघाला. मुख्य रसद अधिकाऱ्याने मात्र हात जोडले: इंजिनिअरिंगमध्ये माझा काही उपयोग असलाच, तर चरापुढे लोटायचा भारा म्हणून! वजन २२० पौंड आणि उंची बेताची. ग्रँटने त्याला सोडून दिलं.

करंड्या, मोळ्या आणि लोळता भारा

खणायला सुरुवात करण्याआधी चराच्या मागे, आडोशाला, विणकाम सुरू करायचं. तीन वस्तू लागतात.

पहिली बिनबुडाची करंडी. सुमारे दोन फूट व्यास, पावणेतीन फूट उंची. आठ-दहा खुंट जमिनीत गोलाकार रोवायचे आणि त्यांच्यामधून लवचिक फांद्या विणत जायचं. ही करंडी चराच्या काठावर उभी करून मातीने भरली की बंदुकीच्या गोळीला अडवते.

व्हिक्सबर्गला चांगल्या फांद्या मिळेनात. आधी रानद्राक्षाचे वेल वापरले, पण ते जाड; करंडी इतकी जड झाली की रांगत नेणाऱ्याला उचलवेना. मग नदीकाठचा वेत-बांबूसारखा बोरू घेतला. तो सांध्यावर मोडायचा. तोड अशी निघाली की सांधा लाकडी हातोडीने आधी ठेचून घ्यायचा. ठेचलेला सांधा खुंटाभोवती वळतो आणि दोन सांध्यांमधला न ठेचलेला भाग बळकट राहतो. अशा करंड्या हलक्या आणि टिकाऊ निघाल्या.

दुसरी मोळी. काटक्या किंवा बोरू घट्ट बांधून केलेला, साधारण नऊ इंच जाडीचा लांब भारा. करंड्यांच्या रांगेवर तो आडवा टाकायचा, म्हणजे वरची माती घसरत नाही. तोफेच्या झरोक्याच्या बाजू आवळायलाही हीच.

तिसरी वस्तू चराच्या तोंडाशी पुढे ढकलत न्यायचा लोळता भारा. पुस्तकात तो म्हणजे एक भलीमोठी करंडी, तिच्या पोटात दुसरी, आणि मधल्या फटीत काटक्या ठासलेल्या. व्हिक्सबर्गला दोन पिंपं तोंडाला तोंड लावून जोडली आणि बाहेरून बोरूच्या मोळ्या गुंडाळल्या. काम तेच.

हिकनलूपरच्या चरात रेल्वेच्या गाड्यावर कापसाचे गठ्ठे रचून ते धूड पुढे लोटलं होतं. गोळी कापसातून जात नाही, इथपर्यंत ठीक. पण लुइझियानाच्या पलटणीने बंदुकीच्या गोळीच्या पोकळ बुडात टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला तागाचा बोळा भरला आणि अशा गोळ्या झाडल्या. कापसाने पेट घेतला, गाडा जळून गेला. कापूस गोळीला आडोसा म्हणून उत्तम, पण वर ओली माती किंवा ओलं कातडं नसेल तर चराच्या तोंडाशी त्याला जागा नाही.

खणायची रीत

शत्रूचा मारा तिखट असेल तर पूर्ण रीत वापरायची. चौघांची टोळी, एकामागे एक. पहिला गुडघ्यावर, भाऱ्याच्या आड. तो दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल नाली काढतो, शत्रूच्या बाजूला रिकामी करंडी उभी करतो आणि निघालेली माती तिच्यात टाकतो. दुसरा रुंदी आणि खोली अर्धा-अर्धा फूट वाढवतो, तिसरा आणखी अर्धा, चौथा आणखी अर्धा. त्याच्या मागे तीन फूट रुंद, तीन फूट खोल चर तयार होतो. पुढे साध्या पलटणीतले मजूर तो हवा तेवढा रुंद करतात. पहिल्याचं काम जिवावरचं आणि कमरेचा काटा ढिला करणारं, म्हणून चौघांनी जागा पाळीपाळीने बदलायच्या.

दोन करंड्या टेकल्या तरी त्यांच्यामध्ये फट राहते. पहिले बळी याच फटीतून जातात. तिथे वाळूची पिशवी किंवा छोटी मोळी लगेच ठोकायची, करंडी भरून होण्याची वाट बघायची नाही.

मारा कमी आणि रात्र काळोखी असेल तर घाईची रीत. प्रत्येक माणूस एक करंडी, एक कुदळ, एक फावडं घेऊन आखलेल्या दोरीवर जाऊन बसतो आणि सगळे एकदम खणू लागतात. उजाडेपर्यंत करंड्या भरल्याच पाहिजेत. अर्धवट भरलेल्या करंडीचा आडोसा फक्त मनाला.

व्हिक्सबर्गला दोन गोष्टी वेढा घालणाऱ्याच्या पथ्यावर पडल्या. एक, तिथली वाऱ्याने आणून टाकलेली बारीक पिवळी माती. ती उभी कापली तरी उभीच राहते, त्यामुळे चराच्या भिंतींना आतून टेकू फारसे लागले नाहीत. दोन, आतला सेनापती पेंबर्टन याच्याकडे दारूगोळा आणि बंदुकीचा बार पेटवणाऱ्या टोप्या मोजक्या होत्या, म्हणून त्याच्या तोफा बहुतेक गप्प असत. जॅक्सन रोडचा चर शेवटी पुरुषभर खोल आणि आठ फूट रुंद झाला, म्हणजे तोफ ओढत नेता येईल एवढा. काम पायोनियर तुकड्यांनी, पलटणींच्या पाळ्यांनी आणि गुलामीतून सुटून आलेल्या, मजुरीवर ठेवलेल्या काळ्या माणसांनी केलं.

उलट वॅगनर गढीसमोर हेच काम नरक झालं. समुद्र आणि दलदल यांच्यामधली वाळूची अरुंद पट्टी, गढीकडे जावं तशी आणखी निमुळती. नागमोड घ्यायला रुंदीच नाही, थोडं खणलं की पाणी, त्यात वाळूत पुरलेले सुरुंग आणि आधीच्या हल्ल्यात पुरलेली प्रेतं. उत्तरेच्या जनरल गिलमोरने रात्री गढीवर चुन्याच्या झगझगीत दिव्यांचा झोत टाकून तिथल्या गोलंदाजांना आंधळं केलं आणि त्या उजेडाच्या आड चर पुढे नेला. गढी ७ सप्टेंबर १८६३ च्या पहाटे रिकामी सापडली.

मारा: नेमबाज आणि उखळी तोफा

चर खणणाऱ्याला वाचवतो तो नेमबाज. चराच्या काठावर वाळूच्या पिशव्यांमध्ये जंग्या ठेवायच्या, किंवा खाली खाच पाडलेला ओंडका आडवा टाकायचा. दिवसभर समोरच्या प्रत्येक झरोक्यावर दोन-तीन बंदुका रोखलेल्या असल्या की शत्रूचा गोलंदाज तोफ भरायला उभा राहत नाही. लेफ्टनंट फॉस्टरने तर जॅक्सन रोडजवळ रेल्वेचे स्लीपर रचून मनोरा उभारला आणि त्यावरून तटाच्या आत गोळ्या घातल्या.

तोफांचं म्हणाल तर ग्रँटकडे वेढ्याच्या खऱ्या तोफा फक्त सहा, ३२ पौंडी. काही जड तोफा आरमाराकडून मागून आणल्या, बाकी साध्या मैदानी. जूनअखेर एकूण २२० तोफा मोर्च्यांवर होत्या. मातीच्या तटावर सपाट मारा फारसा चालत नाही, गोळा मातीत रुतून बसतो. विटांच्या भिंतीची गोष्ट निराळी. एप्रिल १८६२ मध्ये जॉर्जियातल्या पुलास्की किल्ल्याच्या साडेसात फूट जाड भिंतीला आटे पाडलेल्या नळीच्या तोफांनी सुमारे १,६५० यार्डांवरून तीस तासांत खिंडार पाडलं होतं. तेव्हापासून शहाणा माणूस मातीचा तट बांधू लागला.

मातीच्या तटामागच्या माणसाला गाठायचं तर गोळा वरून पडायला हवा, म्हणजे उखळी तोफ हवी. व्हिक्सबर्गला छोट्या उखळी मिळेनात. मग सगळ्यात चिवट लाकडाचे ओंडके घेतले, ६ किंवा १२ पौंडी गोळा बसेल एवढं भोक पाडलं आणि बाहेरून लोखंडी पट्ट्या आवळल्या. शंभर-दीडशे यार्डांवर या लाकडी उखळी चोख चालल्या. दारू थोडीच भरायची. लांब टाकायच्या मोहात जास्त भरली तर ओंडका फाटतो.

सुरुंग

चर गढीच्या पायाशी भिडला, पण तटावर चढता येत नाही, अशा वेळी सुरुंग. हिकनलूपरने फौजेतून ३६ अनुभवी कोळसा खाणकामगार निवडले. पाळी एका तासाची, एका वेळी सहाजण: दोघं कुदळीवर, दोघं फावड्यावर, दोघं मातीने भरलेली धान्याची पोती मागे सरकवायला. मुख्य बोगदा ४५ फूट, पुढे सरळ एक फाटा आणि दोन्ही बाजूंना तिरके फाटे. मधल्या फाट्यात ८०० पौंड दारू, बाजूच्या दोन्हींत ७००-७००, एकूण २,२०० पौंड. दारू पंचवीस-पंचवीस पौंडांच्या पोत्यांत, खांद्यावरून, दोन माणसांमध्ये अंतर ठेवून नेली, म्हणजे एखादा गोळा पडला तरी सगळी रांग उडू नये. प्रत्येक साठ्याला वाती दोन, एक विझली तर दुसरी. मग तोंड मातीने आणि लाकडाने ठासून बंद. ठासणी कच्ची राहिली तर स्फोट बोगद्यातून उलटा बाहेर येतो.

२५ जूनला दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुरुंग उडाला. सुमारे ४० फूट रुंद खड्डा पडला, इलिनॉयची ४५ वी पलटण आत घुसली आणि अडकली. दक्षिणेच्या लोकांनी खालून येणारे कुदळीचे आवाज ऐकले होते. गढीच्या मागे त्यांनी नवा बांध आधीच घालून ठेवला होता. खड्ड्याच्या काठावरून ते पेटत्या वातीचे गोळे हाताने खाली सोडत राहिले. खड्ड्यात लाकडी आडोसा उभारला, तर तोफेच्या गोळ्याने त्याच्याच चिरफळ्या उडून माणसं जखमी झाली. रात्रभर पलटणी बदलूनही दोनशेवर माणसं गमावण्यापलीकडे काही हाती आलं नाही. १ जुलैला १,८०० पौंडांचा दुसरा सुरुंग उडवला तेव्हा खड्ड्यात कोणालाही पाठवलं नाही, नुसता मारा केला. धडा घेतला तो असा.

पीटर्सबर्गला खणकाम याहून सरस झालं आणि हल्ला याहून वाईट. पेनसिल्व्हेनियाच्या ४८ व्या पलटणीत कोळसा खाणीतली माणसं बरीच, त्यांचा प्रमुख प्लेझंट्स स्वतः खाण इंजिनिअर. बोगदा ५११ फूट. वरच्या इंजिनिअरांच्या मते इतक्या लांब हवा पोचणं अशक्य. प्लेझंट्सने तोंडाजवळ हवाबंद पडदा लावला, त्याच्या आतल्या बाजूला वर जाणारं धुरांडं काढून तळाशी आग पेटवली आणि जमिनीलगत लाकडी नळी पडद्याबाहेरून थेट खणणाऱ्यापर्यंत नेली. गरम हवा धुरांड्यातून वर गेली की कोंदट हवा तिच्यामागे ओढली जाते आणि तिची जागा घ्यायला नळीतून ताजी हवा येते. लांबी वाढेल तशी फक्त नळी जोडत जायची. अवजारं नव्हती, तर फौजेच्या साध्या कुदळी ठोकून सरळ केल्या आणि बिस्किटांच्या खोक्यांना दांडे लावून माती वाहिली. मोजणीसाठी एक जुनं थिओडोलाइट मिळालं. वरून दक्षिणेच्या लोकांनी शोधासाठी विहिरी खणल्या, पण बोगदा त्यांना सापडला नाही.

१२,००० पौंड दारू मागितली, ८,००० मिळाली. वात मात्र तुकड्यांत आली आणि ती जोडावी लागली. ३० जुलै १८६४ ला पहाटे सव्वातीनला पेटवली आणि जोडावर विझली. सार्जंट रीझ आणि लेफ्टनंट डाउटी आत जाऊन ती पुन्हा जोडून आले, तेव्हा ४ वाजून ४४ मिनिटांनी स्फोट झाला. सुरुंगाच्या कामात दारू कमी पडली तर निभावतं, पण जोड दिलेल्या वातीवर भरवसा ठेवू नये.

पुढची चूक वातीपेक्षा मोठी. फेरेरोच्या काळ्या सैनिकांच्या डिव्हिजनला हल्ल्याची तालीम दिली होती: खड्ड्यात उतरायचं नाही, दोन्ही बाजूंनी वळसा घालायचा. आदल्या दिवशी वरचा सेनापती मीड याने बेत बदलला, आणि त्याच्या हाताखालच्या बर्नसाइडने चिठ्ठ्या टाकून काम लेडलीच्या बिनतालमीच्या डिव्हिजनला दिलं. लेडली स्वतः मागे सुरक्षित कोठीत. स्वतःच्या चरातून वर चढायला शिड्या नव्हत्या, पुढची फांद्यांची कुंपणं पुरती काढलेली नव्हती. माणसं चिंचोळ्या वाटेने गेली ती सरळ १७० फूट लांब, ३० फूट खोल खड्ड्यात. उत्तरेचं नुकसान सुमारे ३,८००, आणि शरण आलेल्या कित्येक काळ्या सैनिकांना तिथेच मारलं गेलं.

आतल्या माणसाची बाजू

वेढलेल्याने पहिल्या दिवसापासून करायची कामं तीन. धान्याचं वाटप लगेच कमी करायचं. पोटं खपाटीला गेल्यावर कमी करून उपयोग नसतो. धोक्यातल्या प्रत्येक गढीमागे दुसरा बांध घालायचा. आणि जमिनीला कान लावून ऐकायचं. कुदळ ऐकू आली की समोरून उलटा सुरुंग. पेंबर्टनच्या लोकांनी यातली शेवटची दोन चांगली केली. धान्य मात्र पुरलं नाही. चवळी दळून भाकरी झाली, खेचरांचं मांस झालं, आणि जूनअखेर फौजेतली जवळजवळ निम्मी माणसं उभं राहण्याच्या स्थितीत नव्हती.

शेवटच्या हल्ल्याची तयारी

जुलैच्या आरंभी दहा ठिकाणी उत्तरेचे चर शत्रूपासून ५ ते १०० यार्डांवर आले होते. ग्रँटने ६ जुलै ही तारीख धरली. तयारीची यादी छोटी आहे आणि पीटर्सबर्गला नेमकी हीच विसरली गेली. चराची तोंडं रुंद करायची, म्हणजे चारचार माणसं एका ओळीत बाहेर पडतील. खंदकावर टाकायला फळ्या. खंदक भरायला कापूस ठासलेल्या पिशव्या.

ती वापरावी लागली नाही. ३ जुलैला पांढरी निशाणं आली, दुसऱ्या दिवशी साडेएकोणतीस हजारांच्या आसपास माणसं शरण आली. त्यांना कैदेत नेऊन पोसण्यापेक्षा पुन्हा न लढण्याच्या लेखी वचनावर सोडलं. हाती लागलेल्या १७२ तोफा आणि सुमारे ६०,००० बंदुका मोजताना कळलं की आतल्यांच्या बंदुका बाहेरच्यांपेक्षा चांगल्या होत्या. ज्या पलटणींकडे जुनाट बंदुका होत्या त्यांनी त्या ढिगात टाकून नव्या उचलाव्यात, असा हुकूम ग्रँटने लगेच काढला.